खाचेतला उजेड

स्पर्धेचं पिस्तूल हात लांब करून डोळ्यासमोर धरलं की दिसायला फार काही नसतं. जवळ एक काळी आडवी पट्टी, तिच्या मधोमध चौकोनी खाच. खाचेतून दिसणारी, नळीच्या टोकावरची चौकोनी माशी. माशीच्या दोन्ही अंगांना उजेडाची एकेक उभी चीर. त्यापलीकडे लक्ष्याचा काळा गोल, तोही धूसर. दुर्बीण नाही, आरसा नाही, लेझर नाही. आंतरराष्ट्रीय पिस्तूल स्पर्धांत ते सगळं वर्ज्य आहे. तीन काळे आकार आणि उजेडाच्या दोन चिरा, एवढ्याच ऐवजावर सगळा खेळ चालतो. रसग्रहण कवितेचं करायचं असतं हे मान्य, पण इतकी काटकसरीची आणि इतकी अचूक मांडणी कवितेतही रोज सापडत नाही, म्हणून हा घाट.

आधी त्या चिरांकडे पाहू. त्या मोकळ्या सोडल्या आहेत म्हणून नेम धरता येतो. माशी खाचेत गच्च बसली असती, तर ती बरोबर मध्यावर आहे की केसभर डावीकडे, हे डोळ्याला कधीच कळलं नसतं. दोन उजेड शेजारी शेजारी असले की कुठला जाड आणि कुठला बारीक, हे डोळा न मोजता ओळखतो. मापं घेतली की गंमत वाढते. समजा दहा मीटरच्या एअर पिस्तुलावर माशी ४.५ मिलिमीटर रुंद आहे आणि खाच ४ मिलिमीटर. म्हणजे खाच माशीहून अरुंद! तरीही माशी तिच्यात मावते आणि वर उजेड उरतो. कारण खाच डोळ्यापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर आहे आणि माशी ९५ सेंटिमीटरवर. ६० सेंटिमीटरवरच्या ४ मिलिमीटरच्या खाचेतून ९५ सेंटिमीटरवर ६.३ मिलिमीटर रुंदी दिसते. त्यातून माशीचे साडेचार वजा करा, दोन्ही बाजूंना ०.९ मिलिमीटरची चीर राहते.

हेच पिस्तूल आखूड हाताच्या मुलीने धरलं तर खाच तिच्या डोळ्याजवळ येईल आणि चिरा रुंद होतील. म्हणून चांगल्या पिस्तुलांच्या मागच्या साईटला, म्हणजे त्या खाचेच्या पट्टीला, खाचेची रुंदी कमीजास्त करणारा स्क्रू असतो, काहींना तर फिरवून रुंदी बदलणारी माशीही असते. साईट निवडताना नवखा नेमबाज चिरा अगदी बारीक ठेवतो. जितकी फट कमी तितका नेम अचूक, असं त्याला वाटतं. माझं मत उलट आहे. फट फार बारीक झाली की उजेड मरतो, डोळा ताणला जातो, आणि ताणलेला डोळा हाताला घाई करायला लावतो. थोडी ऐसपैस चीर डोळ्याला शांत ठेवते.

आता डोळ्याची अडचण. खाच, माशी आणि लक्ष्य तीन वेगवेगळ्या अंतरांवर आहेत आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. साहजिक ओढ लक्ष्याकडे असते, कारण गोळी तिथे जायची आहे. नेमबाजीतला पहिला मोठा संयम हाच, की लक्ष्य धूसर होऊ द्यायचं आणि माशीची वरची कड धारदार ठेवायची. त्यामागचा हिशेब साधा आहे. २५ मीटरच्या पिस्तुलात माशी आणि खाच यांच्यातलं अंतर नियमाने जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, की २५ मीटरवर गोळी जवळजवळ ११४ मिलिमीटर भरकटते. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेमाच्या टप्प्याच्या, लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं आहे. असा बार थेट सहाच्या वर्तुळात जातो. आणि माशी-खाच जुळलेली असताना सगळा हातच एक मिलिमीटर बाजूला सरकला तर? गोळीही एकच मिलिमीटर सरकते. हाताची थरथर माफ आहे, खाचेतली चूक माफ नाही. हे एकदा पटलं की धूसर लक्ष्याची भीती जाते.

इथे मला आमच्या बाजूच्या बंदुकी आठवतात. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या गावांची रोजची लढाई भातशेती आणि रानडुकरं यांच्यातली. पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी किंवा ठासणीची बंदूक कोकणातल्या घरांमधून पिढ्यान् पिढ्या आहे आणि निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा होते. तिच्या टोकावर पितळेचा एक मणी, बस. मागे खाच नाही, फिरवायला स्क्रू नाही. ती बंदूक डावीकडे मारत असेल तर ते तिच्या मालकाच्या अंगवळणी पडलेलं असतं. तो उजवीकडे धरतो आणि सोडतो. दुरुस्ती माणसाच्या डोक्यात राहते. बंदूक मुलाकडे गेली की तिची खोड त्याला नव्याने शिकावी लागते. जंगलाच्या कडेला, अंधारात, जवळच्या अंतरावर हे चालतं आणि त्यात एक जुनी, आदर वाटावी अशी हुशारी आहे. स्क्रूने हलणारी, फिरती साईट ती दुरुस्ती डोक्यातून काढून लोखंडात ठेवते. मग डोक्याला एकच काम उरतं: चिरा सारख्या आहेत ना, एवढं पाहणं.

फिरत्या साईटची खरी गरज समजायची तर महिलांची २५ मीटर पिस्तूल स्पर्धा पाहावी. पहिले ३० बार प्रिसिजनचे, पुढचे ३० रॅपिडचे, आणि दोन्हींचं लक्ष्य वेगळं. प्रिसिजनच्या लक्ष्यावर काळा गोल २०० मिलिमीटरचा. काळी माशी काळ्या गोलात घातली तर तिची कड हरवते, म्हणून पुष्कळ नेमबाज गोलाच्या खाली थोडं पांढरं सोडून नेम धरतात. समजा ५० मिलिमीटर पांढरं सोडलं, तर नेमाची जागा केंद्राच्या १५० मिलिमीटर खाली आली. म्हणजे साईट अशी लावायची की गोळी नेमाच्या १५० मिलिमीटर वर लागेल. रॅपिडला लक्ष्याचं काळं ५०० मिलिमीटरचं होतं. तीन सेकंदांत हात वर आणून त्याच्या खालची कड शोधत बसायला वेळ कुठला? तिथे माशी सरळ काळ्याच्या मध्यावर नेतात. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या आडव्या रेघा डोळ्याला उंची दाखवतात. आता गोळी नेम धरला तिथेच लागायला हवी. म्हणजे मागची साईट खाली घ्यायची. किती? २२० मिलिमीटरच्या अंतराला १.३२ मिलिमीटर. दोन टप्प्यांच्या मध्ये नेमबाज स्क्रूला मोजके क्लिक, म्हणजे फिरण्याच्या ठरलेल्या पायऱ्या, देतो ते एवढ्यासाठी. कुठल्या रेंजवर, कुठल्या गोळ्यांना, कुठल्या उजेडात किती क्लिक, याची वही शिस्तीचे नेमबाज जपून ठेवतात. मागची साईट जिकडे हलेल तिकडे गोळी जाते, पुढची माशी हलवली तर गोळी उलट जाते. हा नियम एकदा हातात बसला की गोंधळ होत नाही.

बसवण्याच्या कामात कारागिरीचा कस लागतो. जॉन ब्राउनिंगने आखलेलं आणि अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलेलं पिस्तूल बुल्सआय स्पर्धेसाठी बांधून घेण्याची तिकडे मोठी परंपरा आहे. मूळ पिस्तुलाची साईट बारीकशी, न फिरणारी. कारागीर स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, माथ्यावर डवटेलची, तळाशी रुंद होणारी खोबण कापतो, मागे साईटचं अंग बसेल एवढं लोखंड उतरवतो आणि फिरती साईट जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून बसवतो. बो-मार या नावाची साईट इतकी रुळली, की त्या मापाची खोबण हेच एक प्रमाण झालं आणि इतर कारखानेही त्या खोबणीत बसणाऱ्या साईट करू लागले. कठीण भाग पुढेच आहे. प्रत्येक बाराला स्लाइड जोरात मागे जाऊन आदळते आणि पुढे येते, आणि साईट तिच्यावर स्वार. स्प्रिंग सैल असली, स्क्रूत ढिलाई असली, तर दहा बारांत सेटिंग बदलतं आणि दोष हाताच्या माथी मारला जातो. म्हणून बसवल्यावर साईटला दहा क्लिक वर, दहा उजवीकडे, दहा खाली, दहा डावीकडे फिरवतात आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा बारांचा पुंजका, पहिल्या जागी परततो का ते पाहतात. परतला नाही तर ती साईट कितीही देखणी असो, काढून ठेवावी. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार असलं काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावं लागतं आणि ते योग्यच आहे.

माशीच्या पाठीकडे बारकाईने पाहावं. चांगल्या माशीची नेमबाजाकडची बाजू वरून त्याच्याकडे झुकलेली, खाली आत कापलेली असते, म्हणजे आकाशाचा उजेड तिच्यावर पडून ती चकाकत नाही. खाचेच्या पट्टीवर बारीक दाते असतात ते त्याचसाठी. उन्हात माशीची एक बाजू उजळली तर डोळा त्या बाजूला फसतो. जुने नेमबाज साईटवर दिव्याची किंवा कापराची काजळी धरत. मखमलीसारखा, जराही न चकाकणारा तो काळा रंग आजच्या कुठल्याही मुलाम्यापेक्षा मला अधिक आवडतो.

हे सगळं करूनही साईटला एक गोष्ट येत नाही, आणि ती तिची मर्यादा मला तिच्या गुणाइतकीच मोलाची वाटते. ती ग्रुपची जागा बदलते, ग्रुप लहान करत नाही. पाच बार पसरलेले असतील तर क्लिक देऊन तो पसारा नुसता दुसरीकडे जाईल. डोळे मिटून हात उचला, मग उघडा. माशी खाचेच्या डावीकडे दिसली तर स्क्रूला हात लावू नये. तिथे मुठीचं लाकूड बोलत असतं. कानस घेऊन तळव्याशी लागणारा उंचवटा उतरवावा, हवं तिथे लाकडाची लुगदी भरावी, पुन्हा डोळे मिटून पाहावं. मूठ माशीला खाचेत आणते आणि स्क्रू ग्रुपला दहावर आणतो. ही दोन कामं ज्याने वेगळी ठेवली त्याचं पिस्तूल खरोखर त्याच्यासाठी बांधलेलं. आमच्या रायगडातच पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. नेमबाजीची ओढ असलेल्या मुलांनी ही शिस्त अशा ठिकाणी, प्रशिक्षकासमोर शिकावी.

कोल्हापूरच्या राही सरनोबतची २२ ऑगस्ट २०१८ची पालेमबंगची अंतिम फेरी मी याच नजरेने पाहते. आशियाई स्पर्धा, २५ मीटर पिस्तूल. हात खाली तिरका, हिरवा दिवा लागला की तीन सेकंद, मग सात सेकंद थांबा, असं पाच वेळा, आणि १०.२ किंवा त्याहून वरचाच बार मोजला जातो. त्या तीन सेकंदांत क्लिक मोजायला, मूठ सावरायला जागा नाही. ती कामं आधीच लोखंडात आणि लाकडात होऊन गेलेली. थायलंडच्या नफस्वान यांगपाईबूनशी तिची ३४-३४ बरोबरी झाली. पहिल्या शूटऑफमध्ये ४-४. दुसऱ्यात राहीचे तीन बार लागले, यांगपाईबूनचे दोन, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.