आज्ञार्थ आणि पुरावा : इतिहास-विज्ञानाच्या कृतिपुस्तकांचा तौलनिक विचार

बालसाहित्याच्या समीक्षेत कृतिपुस्तकांची दखल क्वचितच घेतली जाते. कथा-कवितेच्या निकषांत ती बसत नाहीत आणि त्यांचा विचार बहुधा शिक्षणशास्त्राकडे सोपवला जातो. परंतु 'कापा', 'जोडा', 'मोजा' अशा आज्ञार्थी वाक्यांतून ही पुस्तके वाचकाशी जे नाते जोडतात, तो साहित्यविचाराचाही विषय आहे. पुस्तकात सांगितलेले तपासून पाहण्याचा अधिकार मुलाला खरोखर मिळतो का, हा त्यातील कळीचा प्रश्न होय.

विज्ञानाच्या क्षेत्रात या प्रश्नाचे ठळक उत्तर हिंदीत सापडते. मध्य प्रदेशातील १६ शाळांत १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत प्रयोगाची रीत दिलेली असे. निष्कर्ष मात्र मुलांनी काढायचा असे. परीक्षेतही पुस्तक उघडण्याची मुभा होती. २००२ साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला. मूळचे बरेलीचे अरविंद गुप्ता १९७८ साली या कार्यक्रमात काम करीत होते. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्या साहित्यावर आधारलेले त्यांचे पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झाले. काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. येथे मुलाचे बोटच पुरावा देते. लेखकाच्या शब्दावर विसंबण्याचे कारण उरत नाही. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २०१४ पर्यंत त्यांनी केलेल्या कामामुळे ही दृष्टी मराठी मुलांच्या अधिक जवळ आली.

इतिहासाच्या कृतिपुस्तकांत मात्र आज्ञार्थ तोच राहतो आणि अधिकार हरवतो. मुकुट रंगवणे, तलवार कापणे, चित्र चिकटवणे या कृतींनी हात गुंततात. परंतु त्यांतून पुस्तकाच्या विधानाला धक्का लागण्याची शक्यताच नसते. अशा कृतीला सजावट म्हणणे अधिक योग्य.

दोन्ही विषयांना एकत्र आणणारे उत्तम उदाहरण लखनौचा बडा इमामबाडा हे आहे. नवाब आसफउद्दौला यांनी दुष्काळाच्या काळात, १७८४ साली त्याचे काम सुरू केले. मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असून त्याच्या छताला मधे खांब वा तुळईचा आधार नाही. एका टोकाला काडी ओढली तर तिचा आवाज दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, हे वाटाडे आवर्जून दाखवतात. छत का कोसळत नाही, हे मुलाला मातीच्या छोट्या विटांची कमान रचून पाहता येईल. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. दिवसा सामान्य मजूर बांधत आणि रात्रीच्या अंधारात ओळख लपवून उमराव तेच काम पाडत, अशी आख्यायिका आहे. ही गोष्ट कोणी सांगितली, किती वर्षांनी सांगितली आणि ती खरी असेल तर इमारतीत काय दिसायला हवे, असे विचारणारे पुस्तक कमानीइतकीच आख्यायिकाही मुलाच्या हाती तपासायला देईल.

मराठीला या संदर्भात एक घरचा आधार आहे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणे ही महाराष्ट्रातील बालांची जुनी इतिहासकृती; तिच्यासाठी पुस्तक लागत नाही. अहळीव पेरून हिरवळ आणली जाते, बुरुजांवर मावळे उभे राहतात आणि सिंहासनावर महाराज विराजमान होतात. मात्र गडावर पाणी कोठून येई, दारूगोळा वस्तीपासून दूर का ठेवत, दरवाजा वळणाआड का असे, हे प्रश्न किल्ला करताना फारसे विचारले जात नाहीत. मातीच्या टाक्यात पाणी ओतून ते किती वेळ टिकते हे पाहिले, तर कातळात खोदलेल्या टाक्याचे महत्त्व मुलाला आपोआप उमगेल. तेथे विज्ञान आणि इतिहास वेगळे राहत नाहीत.

अनुवादाचा प्रश्नही येथूनच उभा राहतो. काड्यांचा त्रिकोण लखनौत आणि पुण्यात सारखाच ताठ राहतो; त्यासाठी केवळ शब्द बदलावे लागतात. इमामबाड्याचा पाठ मराठीत आणताना वास्तू जशीच्या तशी आणून भागणार नाही. आणायची आहे ती प्रश्न विचारण्याची रीत, आणि मराठी मुलाच्या अंगणात तिला जागा आधीपासून आहे. कृतिपुस्तकाची कसोटी म्हणूनच साहित्याच्या यादीत वा चित्रांच्या देखणेपणात शोधता येणार नाही. मुलाच्या हाती आलेले उत्तर लेखकाच्या उत्तराहून वेगळे निघू शकते, हे ज्या पुस्तकाला मान्य आहे, त्यालाच वाचकाचा आदर करणारे पुस्तक म्हणता येईल.