नावानिशी वर्णन : नवेगावबांध, नागझिरा आणि बांधीतला सारस

मराठी ललित लेखनात निसर्गवर्णन म्हणजे विशेषणांची आरास, हा समज अजून पुरता गेलेला नाही. ‘हिरवीगार वनराई’, ‘निळेशार पाणी’ ही शब्दजोडी कोणत्याही तळ्याला चालते, म्हणूनच ती कोणत्याच तळ्याची नसते. वर्णन डोळ्यांपुढे उभे राहते ते कशाच्या बळावर, याचा शोध मी इथे जुन्या भंडारा जिल्ह्याच्या रानात वावरलेल्या दोन लेखकांच्या आधारे घेतो. ‘जुन्या’ अशासाठी, की १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांधसह नागझिऱ्याचे बरेचसे रान तिकडे गेले.

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) माणदेशातले, मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) सोलापूरचे. दोघेही पाऊस कमी असलेल्या मुलखातून या तळ्यांच्या आणि धानाच्या प्रदेशात आले. माडगूळकर नागझिऱ्यात पाहुणे म्हणून राहिले, चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला नांदले. हा फरक त्यांच्या वर्णनात उतरला आहे.

‘नागझिरा’मध्ये माडगूळकरांचा भर क्रियापदावर आहे. त्यांना चित्रकाराचा डोळा होता, पण ते रंग फार उधळत नाहीत. जनावर काय करते आहे, हे ते सांगतात आणि थांबतात. त्याचे दिसणे वाचकाने त्याच्या हालचालीवरून ओळखायचे असते. चितमपल्लींचा भर नामावर आहे. ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचताना झाड, पाखरू, गवत, मासा सगळे नावानिशी भेटतात. ‘शब्दांचं धन’ असे नाव एका पुस्तकाला देणारा हा लेखक. नाव ठाऊक झाले, की पाहणे नेमके होते, हा त्यांच्या लेखनाचा पाया मला वाटतो.

या पद्धतीला मर्यादाही आहे. काही ठिकाणी नावांमागून नावे येतात, प्रसंग मागे राहतो आणि पान कोशासारखे वाटू लागते. नेमका तपशील आणि तपशिलांची यादी यांत भेद करायला हवा. तपशिलामुळे पुढचे काहीतरी कळते, तर यादीमुळे फक्त लेखकाची माहिती कळते.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे आणि तो उभ्या धानातही घरटे करतो. ‘सारसाने शेतात घरटे केले’ असे लिहिले, तर वाक्य बरोबर आहे, पण आंधळे आहे. आमच्याकडे धानाच्या शेताच्या बांध घातलेल्या एकेका तुकड्याला ‘बांधी’ म्हणतात. ‘सारसाने बांधीत घरटे केले’ असे म्हणताच चारी बाजूंचे बांध आले, साचलेले पाणी आले, रोवणीनंतरचा धान आला. तो पक्षी तिथेच का उतरला, हेही कळले. शिवाय त्या बांधीत निंदायला जाणारी बाई आणि ते घरटे यांच्यात किती पावलांचे अंतर आहे, हा प्रश्न उभा राहिला. कथा तिथून सुरू होऊ शकते. एकही विशेषण लागले नाही.

म्हणूनच मुद्रितशोधनाच्या टेबलावर ‘बांधी’चे ‘शेत’, ‘बोडी’चे ‘तळे’, ‘पऱ्ह्यां’ची ‘रोपे’ होतात, तेव्हा केवळ बोलीचा रंग उडत नाही, माहिती गळते. बोडी म्हणजे लहान तळे. माणसांनी पाळ घालून अडवलेले पाणी तिच्यात असते, तिच्यामागे कोहळी समाजासारख्या तलाव बांधणाऱ्यांची पिढ्यांची मेहनत असते. ‘तळे’ म्हटल्यावर ती माणसे चित्रातून पुसली जातात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी केलेल्या कामाकडे मी या अर्थानेही पाहतो. ते अस्मितेपुरते नाही, वर्णनाची हत्यारे जपण्याचे ते काम आहे.

अडचण एवढीच, की आजचा आमचा तरुण लेखकही पुण्या-मुंबईच्या संपादकाला कळावे म्हणून आधीच ‘शेत’ लिहून मोकळा होतो. बाहेरून आलेल्या दोघांनी या रानातली नावे विचारून घेतली, आणि ज्यांच्या घरात ती नावे आहेत ते ती गाळून लिहितात. परका वाचक बुजेल ही भीती पोकळ आहे. शब्दाला वाक्यात काम दिले, तर अर्थ आपोआप कळतो, तळटीप लागत नाही. पाणी साचलेल्या बांधीत घोट्याएवढ्या चिखलात वाकून पऱ्हे रोवणारी बाई दाखवली, की कोल्हापूरच्या वाचकालाही बांधी म्हणजे काय आणि पऱ्हे म्हणजे काय, हे दोन्ही समजते.