आठ मुलांची टक्केवारी

संशोधन आराखड्यांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: "आदिवासी भागातल्या जिल्हा परिषद शाळांची गुणवत्ता कमी आहे, असं 'असर' अहवाल सांगतो." 'असर' खरंच असं सांगतो का?

'प्रथम'चा हा अहवाल २००५ पासून निघतोय. मूल साधा परिच्छेद वाचतं का, त्याला भागाकार जमतो का, हे घरी जाऊन तपासायचं, ही त्याची ताकद. पण रचना बघा: जिल्ह्यात ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं, म्हणजे साधारण ६०० घरं. त्यावरून नाशिक जिल्ह्याबद्दल काही बोलता येतं. सुरगाणा किंवा पेठमधल्या एका शाळेबद्दल काहीच नाही. गावातल्या शाळेला भेट देतात, पण ती हजेरी आणि सोयी पाहायला. वाचनाची आकडेवारी घरातल्या मुलांची असते.

मग काही जण स्वतःच शाळेत जाऊन टक्केवारी काढतात. तिथे दुसरा खड्डा.

समजा, सहावीत आठ मुलं आहेत. पाच जण नीट वाचतात, म्हणजे ६२.५ टक्के. दिवाळीनंतर न वाचणारी दोन मुलं आईबापांसोबत निफाडच्या द्राक्षबागांवर गेली. उरली सहा, वाचणारी तीच पाच. आता ८३ टक्के! शिकवण्यात काडीचाही बदल नाही, बदलला तो पट. उलट वाचणारी दोन गेली असती, तर आकडा ५० वर आला असता आणि गुरुजींना नोटीस.

कुणी म्हणेल, "आठही मुलं तपासली, मग नमुनादोष कुठला?" प्रश्न बरोबर आहे. पण यंदाची आठ आणि पुढच्या वर्षीची आठ वेगळी असणार. शाळेबद्दल निष्कर्ष काढायचा, तर हा योगायोग मोजावाच लागतो. अशा संख्येत प्रमाण त्रुटी १७ टक्के गुणांच्या आसपास जाते. म्हणूनच 'सर्वोत्तम' आणि 'सर्वात वाईट' अशा दोन्ही याद्यांत लहान शाळाच जास्त दिसतात.

भाषेचं तर कुणी लिहीतच नाही. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यातली सुमारे २५ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. घरात कोकणा बोलणारं मूल मराठी उताऱ्यावर अडखळलं, तर आपण वाचन मोजलं की भाषेची ओळख?

हे किस काढणं नाही. २०२३ मध्ये राज्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. तेव्हाच्या यादीत १४,७८३ शाळा आणि १,८५,४६७ विद्यार्थी होते. भागाकार करा, शाळेमागे साडेबारा मुलं येतात. त्याआधीच्या वर्षी इगतपुरीतल्या दरेवाडीची मुलं, शाळा बंद झाली म्हणून बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली होती. दप्तरं घ्या आणि बकऱ्या द्या, ही त्यांची मागणी. तुमचा "गुणवत्ता कमी" हा तक्ता अशाच एखाद्या फाइलला जोडला जाऊ शकतो.

म्हणून आराखडा लिहिताना टक्केवारीआधी मुलांची संख्या लिहा. एका वर्षाऐवजी तीन-चार वर्षांचा पट एकत्र पाहा. तीच मुलं वर्षभर मागोवा घेऊन तपासा. कोण गेलं, कोण आलं, याची नोंद ठेवा. आणि आठ मुलं असतील तर "आठपैकी पाच" असंच लिहा. त्यात काही कमीपणा नाही.