खरखरीची खरेदी

मामा या नात्याची आपल्याकडे एक जुनी अडचण आहे. मुंजीला मामा लागतो, लग्नात बोहल्यापाशी मामा लागतो, आणि या प्रत्येक प्रसंगी त्याचा उजवा हात खिशात असावा अशी समाजाची माफक अपेक्षा असते. ते मला मान्यच आहे. पण भाच्याच्या बेस गिटारीला ‘डिस्टॉर्शन पेडल’ घेऊन देणं हे नेमकं कोणत्या संस्कारात बसतं, ते आमच्या गुरुजींना विचारायचा मला धीर झाला नाही. सोळा संस्कारांच्या यादीत ते नाही, एवढं मी पाहून ठेवलं आहे.

पेडल म्हणजे सायकलीचं नव्हे. वाचकांपैकी ज्यांच्या घरात अजून गिटार शिरलेली नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो. साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठी अशी एक पेटी असते. ती जमिनीवर ठेवायची, एका अंगाने गिटारीची वायर आत घालायची, दुसऱ्या अंगाने बाहेर काढून ॲम्प्लिफायरला द्यायची. पायाने खटका दाबला, की इतका वेळ चांगला स्वच्छ येणारा आवाज बिघडतो. बस्स. यालाच पैसे पडतात. आमच्या लहानपणी रेडिओ असा खरखरायला लागला की वडील त्याच्या डोक्यावर एक चापट मारून तो फुकटात सुधारत असत. आमच्या हिने तर सगळं ऐकून घेऊन म्हटलं, “बिघडलेलंच हवंय ना? मग माळ्यावरचा टेपरेकॉर्डर द्या की त्याला!”

गंमत अशी, की इतिहास हिच्या बाजूचा आहे. अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी मार्टी रॉबिन्स या गवयाच्या ‘डोन्ट वरी’ गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन नावाचा वादक सहा तारांची बेस गिटार वाजवत होता, आणि ती ज्या वाटेने यंत्रात जात होती तिथला ट्रान्स्फॉर्मर बिघडला. गोड गाण्याच्या मधोमध घशात घोंगडं अडकल्यासारखा आवाज उमटला. आपल्याकडे मिस्त्रीला बोलावणं गेलं असतं. तिथे त्यांनी तो तसाच ठेवला, १९६१ साली गाणं बाहेर आलं आणि गाजलं. मग ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तोच बिघाड मुद्दाम करणारं सर्किट जुळवलं, आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ते ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढलं. म्हणजे पाहा, या घराण्याचा मूळपुरुष बेस! पण पुढे १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सनी ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तोच डबा साध्या गिटारीला लावला, आणि वडिलोपार्जित इस्टेट धाकट्या पातीने बळकावावी तसं झालं. तेव्हापासून बाजारातली बहुतेक पेडलं गिटारीच्या अंगाला बेतून शिवलेली असतात. बेसवाल्याने थोरल्याचा सदरा धाकट्याला घालतात त्याच्या उलट करायचं, आणि शिवण उसवली तर बोलायचं नाही.

आता माझ्या भाच्याला हे का हवं होतं ते सांगतो, कारण प्रथम मीही ते पोरकट हट्टातच जमा केलं होतं. तो ज्या कंपूत वाजवतो त्यांचं संगीत ‘हेवी’ आहे. ‘भयानक मौत’ नावाचा एक मुंबईचा बँड २००३ साली निघाला, त्यावरून जातकुळीची कल्पना यावी. यांच्यात दोन गिटारवाले. दोघांनीही तारा सैल सोडून सूर खाली उतरवलेले, दोघांचेही आवाज बिघडवलेले. गिटारीची सर्वांत खालची तार नेहमीच्या जुळणीत सेकंदाला ८२ कंपनं करते, बेसची ४१. गिटारवाले खाली सरकत सरकत बेसच्या अंगणात खाट टाकून बसले, आणि बेसवाला स्वतःच्या घरात पाहुणा झाला. एका कार्यक्रमानंतर भाच्याच्या जिवलग मित्राने त्याला विचारलं, “तू आज वाजवलंस का रे?” त्यावर दुसरा गिटारवाला म्हणाला म्हणे, की मग बेसशिवायच करून बघायला काय हरकत आहे? पोरगा चार दिवस धड जेवला नाही. ताईचा मला फोन आला तो तेव्हा.

या दुःखात तो एकटा नाही. मेटॅलिकाचा बेसवाला क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. हा मनुष्य बेसवर खुशाल फझ आणि वा-पेडल लावून एकल वाजवायचा. १९८३च्या पहिल्या रेकॉर्डवर त्याचं ते वादन आहे, आणि बेसला बिघडलेला आवाज शोभतो का, अशी शंका असणाऱ्याने ते एकदा ऐकावं. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये त्याचा बेस शोधायला भिंग घेऊन बसावं लागतं. लाखोंनी खपलेली रेकॉर्ड, श्रेयनामावलीत नाव, आणि आवाज गायब! पंगतीत नाव पुकारून बसवावं आणि पान वाढूच नये, तशातली गत.

मी स्वतः तंबोऱ्याच्या सावलीत वाढलेला माणूस. बिघडलेला आवाज म्हणजे काय हे मला पेडलवाल्यांनी शिकवायला नको. मिरजेचा कसबी कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, तार घोडीला अस्सं निसटतं घासू लागते, आणि एका षड्जातून वरचे चार सूर फुलून येतात. जवारी म्हणतात ती हीच. दोरा काढा, तोच षड्ज मुका. डिस्टॉर्शनही हेच करतं, फक्त सुताऐवजी डायोड वापरून. लाट एका उंचीच्या वर गेली की तिचं डोकं छाटलं जातं, आणि छाटलेल्या लाटेतून वरचे सूर निपजतात. आपल्या कानाचीही एक खुबी आहे. वरचे सूर नीट क्रमाने आले की खालचा मूळ सूर ऐकू आला नाही तरी कान तो भरून काढतो. म्हणून ज्या लहान स्पीकरमधून ४१ कंपनं कधी बाहेर पडणार नाहीत, त्यातूनही खरखरीत बेस कळतो आणि स्वच्छ बेस हरवतो. भाच्याचा हट्ट शास्त्राला धरून होता.

पण दोऱ्याची जागा चुकली तर तंबोरा नुसता कण्हतो, हेही मिरजेत कोणीही सांगेल. स्वस्त पेडलांची खोड नेमकी ही आहे. गिटारीसाठी केलेली पेडलं आवाज आत घेतानाच खालचा भाग दाराबाहेर ठेवतात. आयबानेझचं नावाजलेलं ट्यूब स्क्रीमर साधारण ७२० कंपनांच्या खालच्या आवाजाला कमी कमी खरखर देतं. गिटारीला ते छान, चिखल होत नाही. बेसला लावलं की वजन जातं आणि मागे एक रागावलेला भुंगा उरतो. फोडणी चुरचुरीत, पण पातेल्यात वरणच नाही. तेव्हा माझं मत असं आहे, की बेसचं पेडल घेताना ते किती बिघडवतं हे बघूच नये. बिघडवतात सगळीच. ते मूळचं किती शिल्लक ठेवतं तेवढं बघावं. त्यासाठी काही पेडलांवर ‘ब्लेंड’ किंवा ‘बॅलन्स’ नावाचा नॉब असतो, त्याने स्वच्छ आवाज आणि बिघडलेला आवाज हवे तसे कालवता येतात. हा नॉब असेल तर बाकीचे दोष पोटात घालावेत.

या कसोटीवर मी बाजार पाहिला. हेलसिंकीच्या डार्कग्लासवाल्यांची पेडलं फार सुरेख, ब्लेंड आहे, दाबलं की मांडी घालून बसलेला वाघ उठतो. किंमत ऐकून मीही उठलो. प्रोको कंपनीचा ‘रॅट’ १९७८पासूनचा, बांधणी लोखंडी, आवाज भरदार. मात्र त्याचा ‘फिल्टर’ नॉब उजवीकडे फिरवला की आवाजाची धार वाढण्याऐवजी कमी होते. नव्या सुनेसारखं त्याच्या कलाने घ्यावं लागतं, आणि ब्लेंड नाही. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं हिरवं ‘बेस बिग मफ’ मला मनापासून आवडलं. त्यावर ‘ड्राय’ असा एक खटका आहे, तो केला की मूळ आवाज सोबतीला राहतो. पण किती राहावा हे तो आपल्याला विचारत नाही. संथ, चिखलातून रेड्याने चालावं अशा संगीताला याच्यासारखं दुसरं नाही. भाच्याचं संगीत धावतं आहे, त्यात प्रत्येक सूर वेगळा कळायला हवा, आणि मफ सगळ्यांना एका गोधडीत गुंडाळतं.

गरिबांचा वाली म्हणजे बेहरिंगर. नामांकित पेडलांच्या नकला, प्लास्टिकच्या डब्यात, चौथाई किमतीत. त्यांचा ‘सुपर फझ’ म्हणजे बॉसच्या बंद झालेल्या ‘हायपर फझ’चा जुळा भाऊ. आवाज खरोखर राक्षसी, पण ब्लेंड नाही. ‘बीओडी ४००’ मात्र बॉसच्या ‘ओडीबी-३’ची नक्कल आहे, त्यात बॅलन्स आलाच. ज्याला घरी बसून वाजवायचं आहे त्याने डोळे मिटून हेच घ्यावं. रंगमंचावर बुटाने खटका दाबणाऱ्या वीस वर्षांच्या पोराच्या हातात, म्हणजे पायात, मला ते प्लास्टिक देववेना.

राहिलं ते मूळचं ‘ओडीबी-३’. पिवळंधमक, १९९४पासूनचं, आणि बेसवाल्यांत बदनाम. वरचा आवाज तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचरतो, हा आरोप खराच आहे. पण लोक गेन पूर्ण चढवतात, हायचा नॉब पूर्ण चढवतात, आणि मग चरचरतं म्हणून ओरडतात. तिखटाचा डबा उपडा करून भाजीला नावं ठेवण्यापैकी आहे हे. गेन चतुर्थांश, हाय निम्म्याखाली, बॅलन्स मधोमध. एवढं केलं की दातही दिसतात आणि पोटही राहतं. शिवाय धातूची पेटी असल्यामुळे वापरलेलं घ्यायला भीती नाही. आम्ही वापरलेलंच घेतलं.

घेताना एक पथ्य मी पाळायला लावलं. दुकानात एकट्याने वाजवून काही कळत नाही. एकटं असलं की प्रत्येक पेडल भीमसेनी वाटतं. मी दोन्ही गिटारवाल्यांना सोबत नेलं, तिघांना एकदम वाजवायला सांगितलं आणि स्वतः दहा पावलांवर, दाराशी जाऊन उभा राहिलो. रॅट लावला तेव्हा भाचा खरखरला पण तळ गेला. पिवळं लावलं, बॅलन्स मध्यावर आणला, आणि माझ्या चपलांना मुंग्या आल्या. दुकानदारालाही आल्या असाव्यात, कारण त्याने घाईघाईने पावती फाडली.

या मंडळींत नॉबची जागा घड्याळाच्या भाषेत सांगतात. “गेन नऊ वाजता, हाय दहा वाजता, बॅलन्स बाराला,” असं भाचा फोनवर सांगत होता, तेव्हा ताईला वाटलं तालमीचं वेळापत्रक आहे, आणि तिने जेवण साडेबाराला ठेवलं. गेल्या शनिवारी मी तालमीला गेलो होतो. अर्ध्यातच दुसऱ्या गिटारवाल्याने हात वर करून वाजवणं थांबवलं. आपली गिटार आपल्यालाच ऐकू येत नाही, अशी त्याची तक्रार होती. भाचा शांतपणे खाली वाकला, बॅलन्स बारावरून बारा वाजून पाच मिनिटांवर नेला, आणि वर बघून म्हणाला, “आता?”