मोजलेले पक्षी आणि पाहिलेले पक्षी

छंदाचें वाङ्मय छंदिष्टांपुरतेंच असतें, असा एक समज आहे. पक्षिनिरीक्षणांतून निघालेलीं दोन आत्मचरित्रें शेजारीं ठेवून वाचलीं असतां तो टिकत नाहीं. एक, इंग्लंडांतील छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचें 'अ‍ॅन आय फॉर अ बर्ड' (१९७०). दुसरें, अमेरिकेंतील फीबी स्नेट्सिंगर यांचें मरणोत्तर निघालेलें 'बर्डिंग ऑन बॉरोड टाइम' (२००३). पक्षी दिसल्यावर त्याचें काय करावयाचें, हा दोहोंतील प्रश्न एकच आहे.

हॉस्किंग यांच्या उमेदीच्या काळीं कॅमेरा अवजड होता. म्हणून पक्षी जेथें हटकून परतेल अशा जागीं, म्हणजे घरट्यापाशीं, बसणें भाग असे. छायाचित्रकाराचा खरा हंगाम विणीचाच. आडोसा दूर उभारावयाचा, तो थोडाथोडा पुढें सरकवावयाचा आणि पक्ष्याला त्याची संवय होऊं द्यावयाची. १९३७ सालीं वेल्समध्यें अंधारांत आडोशाकडे जातांना घुबडानें झडप घातली व त्यांचा डावा डोळा गेला. पुस्तकाच्या नांवांतील श्लेष असा महागाचा आहे. तंत्राचे तपशील क्वचित् जड होतात. पण आडोशांतला सावकाशपणा लेखणींतही उतरला आहे.

स्नेट्सिंगरबाईंपाशीं सावकाशपणाला वेळ नव्हता. १९८१ सालीं डॉक्टरांनीं कर्करोगामुळें वर्षभराचेंही आयुष्य दिलें नाहीं. बाईंनीं तें यादीस वाहिलें. १९९९ सालीं मादागास्करांत मोटार-अपघातानें मृत्यु आला, तेव्हां यादींत सुमारें ८,४०० जाती होत्या. ही पोकळ हौस होती, हें आम्हांस मान्य नाहीं. प्रवासापूर्वीं त्या कसून अभ्यास करीत, उपजातीही टिपून ठेवीत; पुढें शास्त्रज्ञांनीं एका जातीच्या दोन केल्या, कीं ती नोंद उपयोगीं पडे. तरीही पुस्तक म्हणून पाहतां, देशामागून देश सरतात आणि पक्षी नांवापुरता उरतो. वाचकाला आंकडा दिसतो, पंख दिसत नाहींत.

परंतु ही घाई कोणाची, हें आठवतांच टीकाकाराची लेखणी अडखळते. मोजणारी व्यक्ति पक्ष्यांबरोबर आपले दिवसही मोजीत होती. पक्षी पाहावयाचा असेल तर आम्ही हॉस्किंगांकडे परत जाऊं. पण पन्नाशी उलटल्यावर रात्रीं आठवतें तें मात्र दुसरें पुस्तक.