दोषशोधन-संदेश : वक्ता, श्रोता आणि श्रेणी

लिनक्सवरील एखादी खिडक्या उघडणारी आज्ञावली टर्मिनलमधून सुरू केली असता तिच्यामागोमाग संदेशांचा जो लोंढा वाहू लागतो, त्याकडे बहुधा निव्वळ उपद्रव म्हणून पाहिले जाते. वस्तुतः हा भाषाव्यवहाराचा प्रश्न आहे. हे उद्गार आज्ञावली रचणाऱ्यास उद्देशून असतात. ऐकावे लागतात मात्र वापरणाऱ्यास. नाटकातील स्वगत प्रेक्षकांच्या कानी पडावे अशी योजना तरी असते. येथे तीही नाही.

श्रेणीदर्शक शब्दांचा गोंधळ याहून चिंतनीय आहे. सिसलॉगच्या परंपरेत ० ते ७ अशा आठ श्रेणी असून 'क्रिटिकल' (२) ही 'एरर'पेक्षा (३) वरची मानली जाते. ग्नोमच्या आज्ञावल्या ज्या जीलिबवर उभ्या आहेत, तिच्यात हा क्रम उलटा आहे. तेथे 'एरर' उच्चारला की आज्ञावली तत्क्षणी बंद पडते. 'क्रिटिकल' ही रचनाकाराच्या चुकीची नोंद असून तीनंतरही काम बहुधा चालूच राहते. जीलिब आपले संदेश सिस्टमडीच्या जर्नलकडे पाठविते तेव्हा 'क्रिटिकल' आणि 'वॉर्निंग' या दोहोंनाही ४ हाच अंक देते. टर्मिनलवर भयसूचक वाटलेला शब्द जर्नलमध्ये साध्या इशाऱ्यांच्या पंगतीस बसतो! वापरणारा दहादा विनाकारण घाबरतो आणि अकराव्या वेळी, खरा इशारा आला तरी, मान वर करीत नाही.

दोषप्रवाह '/डेव्ह/नल'कडे वळविणे हा सर्वांत सोपा उपाय त्याज्य होय. बडबडीबरोबर आज्ञावली का कोसळली याचे एकमेव निवेदनही त्यात नष्ट होऊ शकते. जर्नल स्वतःवर मर्यादा घालते : वेगळी सूचना नसल्यास डिस्कवरील नोंदींस फाइलप्रणालीचा १० टक्के भाग, आणि फार तर ४ जीबी. तथापि ही मर्यादा आकारमान जाणते, अर्थ जाणत नाही. लोंढा मोठा असला की जुन्या नोंदी, त्या कितीही मोलाच्या असोत, आधी जातात.

क्यूटीचा मार्ग अधिक विवेकी आहे. २०१४ मधील ५.३ या आवृत्तीपासून 'क्यूटी_लॉगिंग_रूल्स' या चलाद्वारे विषयवार नियम देता येतात, '*.डीबग=फॉल्स' एवढ्याने दोषशोधनाची बडबड थांबते व इशारे अबाधित राहतात. परंतु रचनाकाराने विषयनाम दिलेच नसेल, तर त्याचे सर्व संदेश 'डीफॉल्ट' या एकाच गटात पडतात आणि निवडीस वाव उरत नाही. श्रेणीनामांत घोळ घालणाऱ्या जीलिबने या बाबतीत मात्र वापरणाऱ्यावर भार टाकलेला नाही. तिचे 'डीबग' संदेश मुळातच मूक असतात. 'जी_मेसेजेस_डीबग' या चलात विषयाचे नाव घातल्यावरच ते बोलू लागतात.