कोबुर्गचे नगरचिन्ह : मूळ आणि अर्थ

जर्मनीतील बव्हेरिया प्रांताच्या उत्तरेस कोबुर्ग हे लहानसे शहर आहे. त्याच्या नगरचिन्हात सुवर्णवर्णी ढालीवर एका कृष्णवर्णी पुरुषाचे मस्तक असून कानात सोन्याचे कुंडल आहे. हे मस्तक नगराचा रक्षक संत मॉरिस याचे होय. चिन्हाच्या मुळाविषयी फारसा मतभेद नाही. तथापि मूळ सांगितले म्हणजे अर्थ सांगून झाला असे मानण्याची प्रवृत्ती आढळते, आणि तीच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मॉरिस हा थीब्जकडील रोमन सैन्यदलाचा नायक. आपल्या धर्मनिष्ठेपायी आगाउनुम येथे तो हुतात्मा झाला, ही कथा पाचव्या शतकात ल्योंचा बिशप यूकेरियस याने लिहून ठेवली. तेराव्या शतकाच्या मध्यास माग्देबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये त्याचा जो पुतळा उभारला गेला, त्यात तो चिलखत ल्यालेला आफ्रिकी वीर आहे. तेथे वर्ण आणि वीरत्व एकाच व्यक्तीच्या ठायी दिसतात.

कोबुर्गच्या ढालीवर मात्र चिलखत नाही, शस्त्र नाही, प्रभामंडलही नाही. उरले आहे ते केवळ मस्तक. आरागॉनच्या चिन्हातही मूरांची मस्तके आहेत. परंतु परंपरा त्यांचा संबंध १०९६ च्या अल्कोरासच्या विजयाशी जोडते. एके ठिकाणी वंद्य रक्षक, दुसरीकडे पराभूत शत्रू! तात्पर्य, नुसत्या मस्तकातून संतत्व सिद्ध होत नाही. ते शब्दांनी सांगावे लागते.

इतिहासानेही हेच दाखविले. १९२९ मध्ये कोबुर्गच्या नगरसभेत नाझी पक्षास बहुमत मिळाले आणि १९३४ मध्ये हे मस्तक काढून त्या जागी मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार आली. त्या राज्यकर्त्यांनी संत पाहिला नाही, वर्ण पाहिला. १९४५ मध्ये मस्तक पुन्हा स्थापिले गेले, तेव्हा त्यास वंशद्वेषाच्या निषेधाचा नवा अर्थ लाभला. उलट, २०२० मध्ये चिन्ह बदलण्याची मागणी करणाऱ्यांना त्याच रेखाटनात कृष्णवर्णीयांची ठोकळेबाज प्रतिमा दिसली.

'हा संत आहे' हे समर्थकांचे उत्तर मुळापुरते निर्विवाद खरे आहे. आक्षेप मात्र रेखाटनावर आहे, आणि त्याला ते उत्तर पोहोचत नाही. मूळ हा अर्थाचा आरंभ होय, निर्णय नव्हे. संताचा मान राखावयाचा, तर माग्देबुर्गच्या शिल्पकाराने त्याला दिलेले व्यक्तित्व ढालीवर का उरले नाही, या प्रश्नापासूनच विचारास प्रारंभ केला पाहिजे.